निम्म्यावर थांब

माझी मावशी खुर्चीत बसते ती उठण्यासाठीच. बूड टेकलं न टेकलं तोच तिला आठवतं, गॅस बंद केलाय का ते पुन्हा बघायला हवं. तो बंदच असतो. मग आलोच आहोत तर ओटा पुसून घेऊ, पुसलाच आहे तर डबे हलवू. कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणतात, अगदी तोंडावर, आणि ती ओ देते. मी कुठे निघाले की ती माझी बॅग भरते, मग सगळं बाहेर काढते, पुन्हा भरते. या भरण्या-काढण्यात एकदा माझी गाडी चुकली. तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशी आठ दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता बावीस वर्षं झाली. महिन्याभरातच तिने स्वेटरच्या कारखान्यात नोकरी धरली आणि तिथल्या नमुना विभागात रमली. रमणं हा शब्द तिला शोभत नाही, पण तिथे हात सतत चालू असत, म्हणून जीव थाऱ्यावर असे. स्वेटरवर फूल, होडी, हरिण जे काही विणायचं, त्याच्या एकेका ओळीसाठी जाड कार्डाला भोकं पाडायची, हे तिचं काम.

यंदा कारखान्यात नवी मशीनं आली आणि कार्डं गेली. आता प्रत्येक ओळ कॉम्प्युटरला अक्षरांत सांगायची. लाल टाक्याला एक अक्षर, पांढऱ्याला दुसरं. अक्षरांच्या अशा माळेला आमच्या धंद्यात स्ट्रिंग म्हणतात. मी प्रोग्रॅम लिहूनच पोट भरते. मशीनचा गाडा डावीकडून उजवीकडे जातो तेव्हा माळ सरळ द्यायची. परत येताना मात्र उलटी करून द्यायची, नाहीतर हरणाचं तोंड एका ओळीत इकडे आणि पुढच्या ओळीत तिकडे. नमुना विभागातल्या अकरा जणींपैकी चौघींनाच ठेवणार होते. त्यासाठी परीक्षा एकच होती: माळ उलटी करणारा प्रोग्रॅम लिहून दाखवायचा, तयार आज्ञा न वापरता. बाकीच्यांनी तळमजल्यावर पॅकिंगला जायचं, आठ तास उभ्याने. मावशीचे गुडघे आताच जिना चढताना कुरकुरतात.

"पॅकिंगला टाकलं तर तू सरळ नोकरी सोडायचीस," मी तिला बजावलं. "मग मीही इथेच राहीन."

मला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. परीक्षा तीन आठवड्यांनी शनिवारी होती, मला त्यानंतरच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. रिकाम्या हातांची मावशी दिवसभर एकटी घरात, हा विचारच मला सोसवत नव्हता.

"म्हणजे माझ्यासाठी तू नाही म्हणून कळवणार?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून तिने पाण्याने भरलेली बाटली ओतून पुन्हा भरली.

तीन आठवडे मी तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे तिच्या मागे घरभर फिरत बोलले. कॉम्प्युटरची तिला भीती नव्हती, अक्षरं भराभर टाइप करायची. गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. एका रविवारी मी टेबलावर सात वस्तू ओळीने मांडल्या: किल्ली, कात्री, पेन, घड्याळाचा सेल, बटण, चमचा, खोडरबर.

"पहिली आणि शेवटची यांची अदलाबदल कर. मग दुसरी आणि शेवटून दुसरी. असं करत आत यायचं."

तिने झटक्यात केलं. खोडरबर पहिलं आलं, किल्ली शेवटी गेली. सेल मधोमध होता तिथेच राहिला. ओळ उलटी झाली. मी शाबास म्हणणार, तेवढ्यात तिचा हात पुढे सरकला. पाचवी आणि तिसरी, सहावी आणि दुसरी, सातवी आणि पहिली. किल्ली पुन्हा पहिली.

"अगं थांब! मध्यावर आलीस की संपलं!"

"अर्ध्यातच? पलीकडच्या तिघींची पाळी कुठे आली अजून?"

"आली की! पहिली हलवलीस तेव्हाच शेवटचीही हलली."

"हं," ती म्हणाली. पटलं तिला. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. प्रोग्रॅममध्ये अदलाबदलीच्या फेऱ्या किती घ्यायच्या तो आकडा निम्मा लिहायचा, एवढंच होतं. ती तो लिहायची, जरा वेळ बघायची आणि खोडून पूर्ण करायची. कुठलंही काम अर्ध्यात सोडणं तिच्या रक्तातच नाही. शेवटी माझं डोकं फिरलं.

"एवढा घाम गाळून तू होतीस तिथेच येतेस, मावशी! आयुष्यभर हेच केलंयस."

बोलले आणि जीभ चावली. ती एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवत राहिली.

शनिवारी मी सुट्टी टाकून कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. परीक्षा तासाभराची. मी काट्यावर उभी असल्यासारखी येरझाऱ्या घालत होते; घराण्याचा गुण, दुसरं काय. चाळीस मिनिटं झाली आणि मावशी बाहेर आली. एकटीच.

"सोडून आलीस?"

"झालं."

"वीस मिनिटं हातात होती! एकदा तपासून तरी बघायचंस! तुला जरा म्हणून बसवत नाही का गं?"

"नाही ना बसवत," ती म्हणाली. "म्हणून तर उठले."

मग चालता चालता तिने सांगितलं. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तर माळ जशीच्या तशी बाहेर आली. मागे उभा असलेला सुपरवायझर हसला आणि म्हणाला, "बाई, काही फरकच पडला नाही की!" तिने पर्स उघडून टेबलावर सात वस्तू मांडल्या आणि त्याच्यादेखतच अदलाबदल सुरू केली. मध्यावर आल्यावर उजवा हात पुढे निघाला, तो तिने डाव्या हाताने धरला. मग आकडा निम्मा केला. माळ उलटी आली.

"पण पुढे वीस मिनिटं उरली होती. समोर ते निम्मं दिसत होतं आणि हात शिवशिवत होते. अजून दोन मिनिटं बसले असते तर मी ते पुरं करून ठेवलं असतं. माझं मला माहीत आहे ना."

चार वाजता सुपरवायझरचा फोन आला. चौघींत ती तिसरी होती. तिने धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली आणि मी खुशाल काढू दिली.

सोमवारी मी होकार कळवला. आता नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं, आणि त्याचंच मला रडू येत होतं. दोन आठवड्यांनी निघायचा दिवस आला. सकाळी मावशीने माझी बॅग भरली. आता सगळं बाहेर निघणार म्हणून मी गाडीची वेळ तिला एक तास अलीकडची सांगून ठेवली होती. तिने चेन लावली आणि बॅग दारापाशी नेऊन ठेवली.

मलाच राहवेना. मी म्हणाले, "मावशी, एकदा उघडून बघ ना, काही राहिलंय का."

"नको," ती म्हणाली. "आता हात लावला तर तू होतीस तिथेच यायचीस."

मला तिच्या गळ्यात पडायचं होतं, त्या दिवशी बोलले त्याची माफी मागायची होती. ती खुर्चीत जाऊन बसली. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

"जा. उशीर होईल," ती म्हणाली.

मी बॅग उचलली, चपला घातल्या, दार ओढून घेतलं. तोवर ती उठली नाही.