अखजीचा बार आणि सुरयांची अंडी

“दगड नही ते बार कसाना?” इंदूअक्कानं मला विचारलं. वनखात्याच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न आला नव्हता.

मी तेव्हा आरएफओ होतो, म्हणजे एका परिक्षेत्राचा वन अधिकारी. भडगाव आणि पाचोऱ्याच्या मधल्या टप्प्यात गिरणेच्या पात्रात वाळूचं एक बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं. दोन्हीकडे गुडघाभर पाणी, मग काठ, आणि दोन काठांवर दोन गावं. या बेटावर नदी सुरय अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, राखाडी पंख असा हा पक्षी. उडताना बघावं तर डोळे निवतात, पण घर बांधायच्या बाबतीत पक्का आळशी. वाळूत पोट घासून खळगा करायचा आणि त्यात अंडी ठेवायची, झालं घरटं. अंड्यांचा रंग हुबेहूब वाळूतल्या गोट्यांसारखा. त्यामुळे कोल्ह्याला लवकर दिसत नाहीत, आणि माणसाला तर पाय पडल्यावरच कळतं.

पात्राचा हा तुकडा ‘संवर्धन राखीव’ व्हावा म्हणून मी प्रपोजल केलं होतं. अभयारण्य म्हटलं की गावं धास्तावतात. संवर्धन राखीव त्यापेक्षा मवाळ. जागा सरकारची, पण गावांना विचारून ठरवायचं आणि गावांनाच सोबत घेऊन सांभाळायचं. दोन्ही ग्रामसभांनी ठराव दिले होते. वाळूचे ट्रॅक्टरसुद्धा गावांनीच अडवले होते. आता प्रपोजल तपासणारी सरकारी कमिटी बेट बघायला येणार होती. आणि मध्ये आली अखजी.

बाहेरच्यांसाठी सांगतो. तुमची अक्षय तृतीया ती आमची अखजी. खान्देशात दिवाळीला एक वेळ लेक माहेरी नाही आली तरी चालेल, अखजीला आलीच पाहिजे. झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी चालतात. पुरुष पत्ते कुटत बसतात. मग बायका वाजतगाजत गौराई बोळवायला नदीवर जातात, आणि या दोन गावांच्या बायका समोरासमोर आल्या की होतो बार. म्हणजे गाण्यातून एकमेकींच्या गावाचा उद्धार करायचा. शिव्या संपत आल्या की ढेकळं आणि गोटे भिरकवायचे. कोणाला फारसं लागत नाही, कारण नदी रुंद आहे. फेकलेलं सगळं मधल्या बेटावर पडतं.

“जमावबंदी लावून घ्या,” वरिष्ठ साहेब फोनवर म्हणाले. “पोलिस बंदोबस्त मागा.”

“सर, माहेरी आलेल्या लेकींवर लाठ्या उगारल्या तर दोन्ही गावं दुसऱ्या दिवशी ठराव मागे घेतील.”

“आणि कमिटीला काय दाखवणार? फुटकी अंडी?”

त्यांचंही बरोबर होतं. ठराव वाचवला तर अंडी जात होती, अंडी वाचवली तर ठराव जात होता. मला दोन्ही हवं होतं. झोप उडाली माझी.

मी आधी सरपंचांकडे गेलो. अलीकडचे म्हणाले, “काळजी सोडा साहेब, एकही दगड पडणार नाही.” पलीकडचेही तेच म्हणाले, तेही हातातले पत्ते खाली न ठेवता. मी खूश होऊन जीपमध्ये बसलो. आमचा फॉरेस्ट गार्ड शकील याच भागातला. तो गाडी सुरू करेना.

“सर, यांना घरात कोणी विचारत नाही या दिवसात. बार बायकांचा असतो. इंदूअक्काला भेटा.”

इंदूअक्का म्हणजे अलीकडच्या गावची बारची पुढारी. साठीची बाई, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. ओसरीवर सांडगे वाळत घालत तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि तो वरचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, “अक्का, फक्त दगड नको. बाकी सगळं करा.”

“मंग पहिले त्यासले सांगा. त्या थांबन्यात का आम्ही थांबसू.”

पलीकडच्या बारची पुढारी सुशीलाअक्का. तिचंही उत्तर तयार. “त्यासना दगड येतीन आनि आम्ही काय टाळ्या वाजाडसूत? पहिले त्या.”

आली का पंचाईत. मी दोन दिवस या काठावरून त्या काठावर फिरत होतो. दोघींनाही पाखरांबद्दल राग नव्हता. सुशीलाअक्काच तर ट्रॅक्टरपुढे आडवी उभी राहिली होती. पण पहिल्यांदा थांबेल ते गाव हरलं, आणि हरलेल्या गावाच्या लेकींनी सासरी काय तोंड दाखवायचं?

शेवटी मी वैतागून इंदूअक्काला म्हणालो, “असं करू. ज्या गावाचा दगड बेटावर पडेल, ते गाव हरलं.”

तिचा सांडग्यांवरचा हात थांबला. “हाई कोन सांगी?”

“मी सांगेन.”

“माईकवर?”

“माईकवर.”

“नाव लई?”

“गावाचं नाव घेऊन.”

ती हसली. इतक्या वर्षांत बारचा निकाल कधी लागलाच नव्हता. दरवर्षी दोन्ही गावं जिंकून घरी जायची. समोरचं गाव हरल्याचं सरकारी माणूस माईकवर बोलणार, हे ऐकून ती एकदम तयार झाली. “शिव्या चालतीन ना?”

“जितक्या येतात तितक्या द्या, अक्का. फक्त ऊन उतरल्यावर या.” वैशाखाच्या उन्हात पक्षी अंड्यांवरून उठला तर अंडी जागेवर शिजतात, हेही सांगितलं. ते तिला लगेच पटलं. सांडगे तिच्यासमोरच वाळत होते.

सुशीलाअक्कालाही हाच सौदा आवडला. दोघींनाही खात्री होती की समोरच्या बायकांना हात आवरणार नाही. मलाही तीच भीती होती, दोघींबद्दल.

ऊन कललं आणि डफ वाजत दोन्ही काठ भरले. मी युनिफॉर्म घालून, गळ्यात माईक अडकवून पाण्यात उभा. पाठीमागे बेट. बार सुरू झाला. पलीकडच्या गावात ताक मागितलं तर पाणी देतात आणि पाणी मागितलं तर दार लावतात, हे पहिल्यांदा कळलं. अलीकडच्या जावयांबद्दल जे कळलं ते इथे लिहिता येत नाही. मग दोन्हीकडच्या बायकांची नजर माझ्यावर गेली.

“खाकीवाला साहेब बसना अंडावर,” अलीकडून आलं. पलीकडून लगेच उचललं. तेवढ्यापुरती दोन्ही गावं एक झाली. शकील तोंड फिरवून हसत होता. हसू दे म्हटलं, दगड तर येत नाहीत.

आणि तेवढ्यात पलीकडच्या एका लेकीनं रागानं ढेकूळ उचललं. अलीकडच्या बायका गाणं सोडून तिच्या हाताकडे बघू लागल्या. इंदूअक्का दोन पावलं पुढे आली आणि लाडानं म्हणाली, “मार बेटा, मार.”

मी माईक तोंडाजवळ नेला. सुशीलाअक्कानं त्या मुलीचा हात मनगटाशी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “टाक खाले. ती म्हातारीले जिकाडशी का?”

ढेकूळ तिच्याच पायाशी पडलं. अलीकडच्या बायकांनी निराश होऊन सुस्कारा टाकला. मीही टाकला, पण माझा वेगळा होता. मग बायकांनी गौराया खालच्या डोहात बोळवल्या आणि गाणी म्हणत घरी गेल्या.

मी दुर्बीण लावली. गोंगाटानं उठलेले सुरय एकेक करून खाली येत होते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांवर बसत होते. एकही खळगा तुडवलेला नव्हता. मी बुटांसकट तिथेच ओल्या वाळूत बसलो. खूप बरं वाटलं. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाळूमुळे नव्हतं.

फोन वाजला. साहेब होते. “काय झालं?”

“बार झाला सर. अंडी जशीच्या तशी आहेत.”

“आणि दगड?”

“एकही नाही. शिव्या भरपूर. पण शिव्यांनी अंडी फुटत नाहीत, सर.”

कमिटी आली तेव्हा पिल्लं बेटावर पळत होती. सुशीलाअक्कानंच ती बोटानं दाखवली, नाहीतर कमिटी वाळूच बघून गेली असती. ठराव टिकले. यथावकाश राखीवचा बोर्डही लागला. आता दरवर्षी बार होतो, दगडाशिवाय. पण दोन्ही अक्का अजून भेटल्या की विचारतात, “साहेब, त्या सालले कोन जिकनं?”

मी रिटायर झालो तरी सांगितलेलं नाही. ज्या दिवशी सांगेन त्या दिवशी हरलेलं गाव दगड उचलेल. तेव्हा बेटासारखाच निकालही राखीव आहे.