तळ्याकडे तोंड करून

पाषाणच्या टेकडीवर रोज सकाळी एक काकू दिसतात. पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, डोक्याला बहुधा नवऱ्याची माकडटोपी. चढ लागला की त्या वळतात आणि चक्क उलट्या चालत वर जातात. मध्ये दगड आलाच तर टाचेने चाचपून, ओळखीचा असल्यासारखा बाजूला सोडतात.

एकदा मला राहवलं नाही. "काकू, गुडघ्यांसाठी का हो?"

"गुडघे ठणठणीत आहेत. अहो, एवढं तळं खाली पसरलंय, त्याला पाठ दाखवत कशाला चढायचं?"

मी वळलो. तळं कोवळ्या उन्हात लखलखत होतं आणि बगळ्यांची रांग त्यावरून निघाली होती. इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागे चाललं होतं!

परवा चढावर एका तरुणाने मला थांबवलं. "अंकल, नी प्रॉब्लेम?"

मी त्याचे खांदे धरले आणि त्याला तळ्याकडे वळवलं.