करंजाला पाणी घालू नका

आमच्या चौकातल्या करंजाबद्दल लिहावं असं मनात आलं, तेव्हा आधी वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? झाड वाळत होतं आणि आता ते हिरवं आहे, एवढंच. पण गेल्या उन्हाळ्यात ते हिरवं होईलच असं मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं आणि तरी मी बोलून बसले होते. त्यामुळे अजूनही कॉलेजातून येताना वळणावर माझी नजर आधी वर जाते. पानं दिसली की मग मी पुढे चालू लागते.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. बसस्टँडवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना करंज आणि लिंब आहेत. लावले नगरपंचायतीने, वाढवले लोकांनी. प्रत्येक झाडासमोर कुणाचं तरी घर किंवा दुकान आहे आणि झाड त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सलूनचा लिंब, मेडिकलचा करंज. झाड सुकलं तर बोल नगरपंचायतीला लागत नाही, दुकानाला लागतो. "लिंब वाळवला बे तुनं," असं लोक सलूनवाल्याला खुर्चीत बसून, गळ्याशी वस्तरा असताना ऐकवतात.

आमचा करंज पोस्टमनकाकांचा. ते समोरच राहत. रोपटं होतं तेव्हा ते सायकलच्या हँडलला पाण्याची कॅन अडकवून आणायचे, असं अब्बा सांगतात. अब्बा गाद्या भरतात. कापूस पिंजायचं मशीन आमच्या टिनाच्या खोलीत आहे, पण गादी शिवायचं काम बाहेर, करंजाखाली. टिनाखाली दुपारी बसवत नाही. मी लहान असताना शाळेतून आले की अब्बा अर्ध्या शिवलेल्या गादीवर बसलेले आणि काका शेजारी चहा पीत बसलेले, हे चित्र ठरलेलं.

काका गेले तेव्हा चौकाने त्यांच्या आठवणीसाठी करंजाला ओटा बांधला. अब्बांनी विटा वाहिल्या. समोरच्या चहावाल्या भाऊंनी वाळू आणली. आत माती भरली, वरून निळ्या टाइल्स बसवल्या आणि खोडाभोवती पाणी घालायला ताटाएवढी जागा मोकळी ठेवली. समोरच्या बाजूला काकांच्या नावाची संगमरवरी पाटी. सगळ्या रस्त्यावर असा ओटा दुसऱ्या झाडाला नव्हता. काकू रोज संध्याकाळी पदराने पाटी पुसून तिथे बसत.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी आधीचं साठवलेलं पाणी शिळं होतं. माठातलं, ड्रमातलं, कळशीतलं, सगळं ओतून नवं भरायचं. ते मोरीत कसं ओतणार? जीवावर येतं. मग चौकातल्या बायका बादल्या घेऊन करंजाकडे येत. पाणी वायाही जात नाही, पुण्यही लागतं. चहावाले भाऊही त्या दिवशी उरलेलं पिंप तिथेच रिकामं करत. मीही कित्येकदा बादली नेली आहे. ओतताना छान वाटायचं.

मागच्या साली रस्त्यावरचे बाकीचे करंज चैत्रात नव्या पानांनी भरले. आमच्या करंजाची एकच बाजू फुटली, तीही फिकट. रस्त्याकडची मोठी फांदी तशीच उघडी राहिली. भाऊ म्हणाले, "पाणी कमी पडून राह्यलं त्याले. ऊन पाहा ना कसं हाय." सगळ्यांना ते पटलं. आमच्या भागात वाळलेल्या झाडाला पाणी कमी पडलं, याहून दुसरं कारण कुणाच्या मनातच येत नाही. बादल्या वाढल्या.

मग एक दिवस नगरपंचायतीचे, झाडांचं काम पाहणारे साहेब आले. त्यांनी खोडावर लाल रंगाने फुली मारली आणि नोटीस चिकटवली. अब्बांना वाचता येत नाही. त्यांनी मला हाक मारली आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. झाड वाळलं आहे, रहदारीला धोका आहे, तोडण्यात येईल, कुणाची हरकत असल्यास कळवावं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्याच फांदीखालून शाळेचे ऑटो जातात.

काकू ओट्यावर बसून राहिल्या. अब्बांनी त्या दिवशी काम आत नेलं. म्हणाले, "अब आदत तो डालनी पडेगी." टिनाखाली सुई ओढताना त्यांच्या कपाळावरचा घाम कापडावर पडत होता आणि ते गिऱ्हाइकाच्या खोळीवर डाग पडू नये म्हणून पुन्हा पुन्हा मान बाजूला करत होते.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, वनस्पतीशास्त्र घेतलेलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मीच पहिली. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला सगळं माहीत असेल आणि मला वाटतं, आपल्याला काहीच नीट माहीत नाही. नोटीस वाचताना मी खोडाच्या अगदी जवळ उभी होते. तिथे एक वास आला होता. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा.

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "न पाहता मी कसं सांगू? पण मुळांनाही हवा लागते. आतली माती ओली आहे का ते बघ आधी. खूप ओली असेल, तर पाणी जास्त होतंय."

पाणी जास्त. आमच्या चौकात हे बोलायचं कसं? आणि खरं असेल तर ओटा फोडावा लागणार, हे मला लगेच कळलं. मी रात्री जेवताना अब्बांना सांगितलं. त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"ज्यादा पानी? अपने गाँव में?"

"मला नक्की माहीत नाही, अब्बा. आत काय आहे ते दिसत नाही ना."

सकाळी ते गादी शिवायची लांब सुई घेऊन बाहेर गेले. सुईच्या टोकाला त्यांनी कापसाचा पेळू घट्ट गुंडाळला आणि खोडाशेजारच्या मातीत ती हळूहळू आत घातली, जाड गादीतून काढतात तशी, बोटांनी अंदाज घेत. चार दिवस नळ आला नव्हता, कुणी पाणी घातलं नव्हतं. वरची माती कोरडी होती. सुई बाहेर आली तेव्हा कापूस काळा झाला होता आणि त्यातून पाणी निथळत होतं. अब्बांनी तो नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला.

"इसको तो हमने डुबा दिया," ते म्हणाले.

काकू दारातून पाहत होत्या. त्या आल्या. अब्बांनी नुसता कापूस दाखवला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता मी बोलायचं.

"काकू, ओट्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. मुळं गुदमरत असतील. म्हणजे मला तसं वाटतं."

"मंग काय करा लागते?"

"ओटा काढावा लागेल."

त्या पाटीकडे बघत राहिल्या. "आन ओटा फोडला, आन झाड बी गेलं त?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी तेच सोपं होतं. "मग दोन्ही जाईल काकू. मी नक्की सांगू शकत नाही."

"अवं पोरी, तुले माहीत नाही त मले काऊन भेव दाखवून राह्यली?"

तोवर चहावाले भाऊ आले होते. "काकू, हे कॉलेजवाली हाय. इच्या कॉलेजात झाडं उपाशी ठेवतात वाटते," ते म्हणाले. दोघं-तिघं हसले. मी निघायच्या बेतात होते.

तेवढ्यात काकू भाऊंवरच उलटल्या. "तू चूप बैस. नळ आला का पिंप तूच ओतत होता ना? आन हा ओटा तरी त्याइनं कुठं मांगतला होता? ते गेले तवा तुमीच बांधला, रडत रडत. त्याइनं झाड वाढवलं होतं." मग अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, पाटी सांभाळून काढा. फुटली नाही पाह्यजे. माह्या घरात ठेवतो."

नगरपंचायतीत काकू स्वतः आल्या. मी अर्ज लिहिला होता, पण तो वाचायच्या आधीच त्यांनी काळा कापूस साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब दचकले. "काय हे?"

"आमचं पाप," काकू म्हणाल्या.

साहेब येऊन पाहून गेले. रस्त्यावरची वाळलेली फांदी लगेच काढू, तिथे थांबता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाकीचं झाड पावसाळ्यानंतर पाहू. तेव्हाही फुटलं नाही तर मात्र तोडावंच लागेल. फांदी कापली तेव्हा अब्बा आत मशीन चालू करून बसले होते. त्या दिवशी पिंजायला कापूस नव्हता.

ओटा फोडायला चहावालेच घण घेऊन आले. पहिली टाइल त्यांनीच फोडली. आतली माती चिखलासारखी होती आणि खोडाची साल तिथे मऊ पडली होती. आम्ही सगळी माती काढली, मूळची जमीन दिसेपर्यंत, आणि पाणी रस्त्याच्या नालीकडे जाईल असा उतार केला. खोड उघडं पडलं तेव्हा ते एकदम बारीक आणि लाजल्यासारखं वाटलं.

खरा त्रास पुढेच होता. वैशाखात झाडाला पाणी घालायचं नाही. नळ आला की बायका बादली घेऊन निघायच्या आणि अर्ध्यावर थबकायच्या. एक मावशी म्हणाली, "माह्यानं पाह्यलं जात नाही व. लेकरू उन्हात उभं ठेवल्यावानी वाटते." मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी मी खोडावर बोट फिरवायची. कधी अब्बा सुई घालून पाहायचे. कापूस आधी काळा, मग तपकिरी, मग नुसता ओलसर निघू लागला. वर मात्र नवं काहीच नाही. भाऊ चहा देताना विचारायचे, "काय मॅडम, पेपर कधी लागते तुमचा?" म्हणजे निकाल. मी हसायची आणि घरी जाऊन पुस्तकात तेच पान पुन्हा वाचायची.

पावसाळ्यात पाणी खोडापाशी थांबलं नाही, नालीत वाहून गेलं. पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी काकूंनी मला रस्त्यावरूनच हाक मारली. इतक्या मोठ्याने की मला वाटलं, झाड पडलं. त्या खोडाला हात टेकून उभ्या होत्या. कापलेल्या फांदीच्या खाली सालीतून एक कोंब फुटला होता, तांबूस, तेल लावल्यासारखा चमकणारा. त्याच्या वर आणखी एक. मी मोजायला गेले तर काकूंनी माझा हात धरला. "नजर लावू नको."

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. बसायला ओटा नव्हता, म्हणून मी अब्बांच्या गादीवर बसले. गिऱ्हाइकाची नवी गादी. अब्बांनी सुई तेवढी बाजूला घेतली.

दसऱ्याच्या सुमाराला साहेब आले. त्यांनी वर पाहिलं, खोडाभोवती एक फेरी मारली आणि सोबतच्या माणसाला लाल फुलीवर गेरू मारायला सांगितला. खाली चुन्याचा पट्टाही ओढला, रस्त्यावरच्या बाकीच्या झाडांसारखा. भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मला कप देताना म्हणाले, "घ्या, पास झाल्या तुमी." काकांची पाटी आता काकूंच्या दाराशेजारच्या भिंतीवर आहे, झाडाकडे तोंड करून.

यंदा चैत्रात करंज दोन्ही बाजूंनी फुटला. जिथे फांदी होती तिथे आभाळ दिसतं, ते दिसणारच. पण सावली अब्बांच्या गादीला पुरते.

परवा नळ आला. चौकात नव्याने राहायला आलेली एक ताई शिळ्या पाण्याची बादली घेऊन करंजाकडे निघाली, तर काकू दारातून ओरडल्या, "अवं थांब थांब! आधी इचारून घे!" ती बिचारी गोंधळून उभी राहिली. अब्बांनी हातातलं शिवण खाली ठेवलं, सुईला कापूस गुंडाळला आणि ती मातीत घातली. आम्ही तिघी पाहत होतो. सुई बाहेर आली तेव्हा कापूस पांढरा होता, टोकाला थोडी धूळ लागलेली.

"आज दे, बेटा," अब्बा म्हणाले.

मी ताईच्या हातून बादली घेतली आणि खोडापासून जरा लांब, गोलाकार ओतत गेले. पाणी साचलं नाही. माती ते लगेच पिऊन टाकत होती. अर्धी बादली झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "बस," आणि उरलेलं पाणी घेऊन आम्ही पुढच्या लिंबाकडे गेलो.