शेणाची वाटणी

"मॅडम, दादानं चोरून युरिया टाकला. तुमी फक्त पकडून द्या," गजाननभाऊ म्हणाले.

झरी जामणी तालुक्यातल्या त्यांच्या चराईच्या रानात आम्ही उभे होतो. मी माती तपासणारी. चोर पकडणं माझ्या कामात येत नाही. पण गजाननभाऊ कुंपणाची तार आणून बसले होते, म्हणून गेले.

दोघा भावांनी रान निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. जनावरं मात्र दोघांची सगळीकडे चरायची. थोरल्या नामदेवभाऊंच्या वाट्यात गवत गुडघ्याला लागत होतं, गजाननभाऊंच्या वाट्यात पिवळं नि खुरटं. पाण्याचा नालाही थोरल्याकडेच. कुंपण घातलं असतं, तर धाकट्याच्या गाई तहानेल्या राहिल्या असत्या. रागात त्यांना ते सुचत नव्हतं.

नामदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "गवताले कायले टाकू युरिया? मले कपाशीले पुरत नाई."

मी दोन्ही वाट्यांचं सॅम्पल घेतलं. म्हणजे ठिकठिकाणची थोडी थोडी माती काढून मिसळायची. रिपोर्ट आला. थोरल्याच्या मातीत नत्र भरपूर.

"मी सांगतलं नोतं?" गजाननभाऊ म्हणाले.

पण स्फुरद आणि पालाश ही दुसरी खतद्रव्यंही भरपूर निघाली होती. युरियात नुसतं नत्र असतं. मग बाकीचं आलं कुठून?

ते बघायला मी दोघांना घेऊन पुन्हा रानात गेले. ऑक्टोबरचं टळटळीत ऊन होतं. झाडून सगळी जनावरं मोहाच्या सावलीत रवंथ करत होती. मोहाची झाडं होती नामदेवभाऊंच्या वाट्यात. आमच्यासमोरच गजाननभाऊंच्या गाईनं शेपूट वर केली.

"भाऊ, हा तुमचा युरिया," मी म्हणाले.

जनावर गवतातून जे घेतं, त्यातलं बरंचसं शेणामुतातून जमिनीला परत देतं. फक्त ते जिथे बसतं, तिथल्या जमिनीला.

गजाननभाऊंनी आपल्या पिवळ्या वाट्याकडे बोट केलं. "म्हंजे माह्या गाई माहं गवत खाऊन दादाच्या वाट्यात टाकून राह्यल्या?"

"हो."

"मंग शेण वापस पायजे मले."

"घेऊन जाय," नामदेवभाऊ म्हणाले. "तुया गाईचं कोनतं, तेवढं वयखून घे."

गजाननभाऊ खरोखर शेणाच्या दोन पोंवर वाकले. मग सरळ झाले.

मी गजाननभाऊंना सुचवलं, सावली आणि पाणी तुमच्याकडे करा, जनावरं आपोआप येतील. त्यांनी तुराट्यांचा मांडव घातला, पाण्याचं टाकं ठेवलं, चाटायला मिठाची वीट टांगली. जनावरं तिकडे बसायला लागली. लगेच थोरल्यांचा फोन. "मॅडम, आता माहं शेण तिकडं जाऊन राह्यलं."

त्यांनी मोहाखाली दोन विटा टांगल्या. धाकट्यांनी सरकीची ढेप ठेवली. थोरल्यांनीही ठेवली. जनावरं सकाळी एकाचा पाहुणचार घ्यायची, दुपारी दुसऱ्याचा. कुंपणाचा विषय राहूनच गेला.

पुढच्या हंगामात दोन्ही वाट्यांत गवत जवळपास सारखं आलं. दूधही वाढलं. भाऊ एकमेकांशी अजूनही धड बोलत नाहीत. मी मात्र चराईच्या रानात आधी भरदुपारी जाते, जनावरं कुठे बसतात ते पाहते आणि मगच कुदळ मारते.