एका हाकेला उठायचं नाही

डोळ्यांना रुमाल बांधला की आंधळ्या माणसाचं सगळं कळतं, असं शहरात शिकवत असावेत. नातीच्या ऑफिसातला साहेब आमच्या अंगणात आला तो खिशात रुमाल घेऊनच. काळा, नीट घडी घातलेला, खास त्यासाठी आणलेला. तो त्याने डोळ्यांवर बांधला, दोन्ही हात पुढे केले, चार पावलं टाकली, धुण्याच्या दगडावर नडगी आपटून घेतली आणि रुमाल सोडून म्हणाला, "फारच अंधार असतो हो!"

माझी थोरली जाऊ तिच्या ओटीवर बसून होती. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ती म्हणाली, "आसं का? बरं झालं सांगितलंत."

नात माझी. आसनगावला राहते, ठाण्याला ऑफिसात जाते, तिथे मोबाइलवरचे खेळ बनवतात. बनवू देत बापडे. पण हा खेळ नुसता ऐकून खेळायचा होता. पडद्यावर काहीच नाही, काळाकुट्ट. कानांना हेडफोन लावायचा, फोन हातात धरायचा. आपण वळलो की आवाजही वळतो, उजवीकडचा उजव्या कानात, डावीकडचा डाव्या. फोनवर बोट टेकवलं की एक पाऊल पुढे. रात्रीची वेळ आहे, भाताच्या खाचरांमधल्या बांधावर आपण उभे आहोत आणि लांबच्या घरातून एक बाई हाक मारते आहे. तिच्या आवाजाच्या रोखाने पाण्यात न पडता घर गाठायचं. ज्याला दिसत नाही त्यालाही खेळता यायला हवा, म्हणून तपासायला त्यांना तसं एक माणूस पाहिजे होतं. आमच्याकडे ते तयारच होतं, ओटीवर बसवून ठेवलेलं.

बसवून ठेवलेलं म्हणते ते उगाच नाही. दोन भावांची दोन घरं समोरासमोर, मध्ये एकच अंगण. उभा जन्म आम्ही जावा ते अंगण ओलांडून एकमेकींकडे गेलो. डोळे गेल्यावरही ती काठी टेकत दुपारच्या चहाला माझ्याकडे यायची. मग एकदा पडली, आणि तिच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, काठी उचलून माळ्यावर टाकली. "आई, तू बस. काय पायजे ते सांग, मी आणून देतो." पडली कशाने? त्याच्याच मोटरसायकलला अडखळून. ती मोटरसायकल अजून अंगणाच्या मधोमध उभी असते, देवळासमोरच्या नंदीसारखी. तिला कुणी माळ्यावर टाकलं नाही. गावात मात्र पुतण्याचं नाव निघतं, आईला तळहातावर ठेवतो म्हणून. ठेवतो खरा. तळहातावरच्या माणसाला पाय कशाला लागतात?

तेव्हापासून चहा मीच नेऊन देत होते. ती प्यायची, पण तोंड वाकडं करून. "माझ्या पायानं ईन तवा गोड लागंल गो," म्हणायची. एवढंच तिला हवं होतं. खेळबिळ तिच्या गावीही नव्हता.

त्या खेळातली हाक माझी. ती भरून घ्यायला नातीने मला गोधड्यांच्या खोलीत कोंबलं, चारी बाजूंनी गाद्या लावल्या आणि सांगितलं, "आजी, फक्त 'ये गो घरी' म्हण. मागेपुढे काही नको."

मी म्हटलं, "ये गो घरी, दूध उतू चाललंय, आन् येताना ते सुपातलं..."

"आजी!"

"बरं बरं. ये गो घरी. काय ह्यो उकाडा."

असं बराच वेळ चाललं. शेवटी साहेबाने कात्री लावून तेवढे तीन शब्द ठेवले म्हणे. साहेबाला गावाचे आवाजही पाहिजे होते. बैलांच्या घुंगुरमाळा, पहाटेचा कोंबडा, पाव्याची धून. मी त्याला म्हटलं, बैल कधीच गेले, भाड्याचा ट्रॅक्टर येतो, आणि कोंबडा मागच्या रविवारी पाहुण्यांना घातला. तो हसला आणि पावा टाकलाच. रात्रीच्या वेळी खाचरात उभं राहून पावा कोण वाजवतो, मेला!

तर तपासणीचा दिवस. भर दुपार. जावेच्या कानांना हेडफोन लावला, हातात फोन दिला, बोट कुठे टेकायचं ते नातीने दाखवलं. जाऊ ऐकायला लागली. रातकिडे, बेडूक, तो कर्माचा पावा. मग माझी हाक. जाऊ ढिम्म. थोड्या वेळाने फोनमधूनच कोणी तरी सांगितलं, आपण हरलात.

साहेब वाकून मोठ्याने म्हणाला, "आजी, हाक ऐकू आली का?"

"डोळं गेल्यात, कान नाय गेलं. आली की."

"मग चला ना त्या आवाजाकडे."

"एका हाकेला? मी काय खुळी हाय?"

साहेबाने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. त्याला वाटलं बाईला बोट टेकवायचं समजलं नाही. नात मात्र कपाळाला हात लावून हसायला लागली. आमच्याकडे अंधार पडला की एका हाकेला उठत नाहीत. एकदाच हाक मारून थांबतो तो चकवा. त्याच्यामागे गेलेला माणूस सकाळी भलत्याच बांधावर सापडतो. माणूस असेल तर तिसऱ्यांदाही हाक मारील. मी स्वतः असलं काही मानत नाही. पाळते फक्त. आणि हे सगळं लहानपणापासून ऐकलेल्या माझ्या नातीने ऑफिसात बसून एका हाकेचा खेळ रचला होता! पगार मिळाला की चकवा विसरतात वाटतं.

साहेबाला हे समजल्यावर तो हरखलाच. "वा! मग आपण भूतच घालू! पैंजण वाजवत येणारं!" मी म्हटलं, घाला, आणि रुमाल बांधून त्याच्यासमोर उभे राहा.

नातीने तिथेच लॅपटॉप उघडून एका हाकेच्या तीन केल्या. जाऊ पुन्हा ऐकायला बसली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. जाऊ ढिम्म.

आता मीच चिडले. "आता काय झालं गो बाय? तीन हाका झाल्या, माझाच आवाज हाय, ऊठ की!"

"आवाज तुझा हाय. पन ती तू नाय."

"म्हंजे?"

"हाक मारून गप बसली. तू कवा गप बसलीस गो? लगीन होऊन आलीस तवापासनं तुझं त्वांड बंद झालेलं मी ऐकलं नाय. ही कोन तरी दुसरीच हाय. हिच्याकडं मी जायाची नाय."

साहेब हसला, पुतण्या हसला, नात तर जमिनीवर बसली. मला लागलं ते लागलंच. मी कमरेला पदर खोचला आणि जावेची जी हजेरी घेतली! तिचा हट्ट, तिची वाकडी तोंडं, हाताने नेऊन दिलेल्या चहाला नावं ठेवणं, सगळं काढलं. मग वळून साहेबाच्या रुमालाचं काढलं. श्वास घ्यायला थांबले तेव्हा बघते तर नातीने फोन माझ्यासमोर धरलेला. सगळं भरून घेतलं होतं कार्टीने.

तेच तिने खेळात टाकलं. लांबच्या घरात मी न थांबता भांडते आहे आणि बांधावरच्या माणसाने त्या भांडणाच्या रोखाने चालायचं. जावेने हेडफोन लावला, ऐकलं आणि खुशीत मान डोलवली. "हां. ही ती." लगेच बोट टेकवलं. एकदा डुबुक करून पाण्यात पडली, मग ओटीवर बसल्या बसल्या अंग वळवून वाट काढत गेली, आणि पोचली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा उजळलेला बघितला.

साहेबाचं मत पडलं की हाक फार लांबलचक आहे, तेवढा वेळ कोणी ऐकणार नाही. पण त्याचं सोडा. पुतण्या काय म्हणाला ते ऐका. टाळी वाजवून म्हणाला, "हे बेस झालं! आता आईनं हितंच बसून पायजे तेवढं फिरावं. पडायची भीती नाय."

म्हणजे बघा. आईचे पाय माळ्यावर टाकून तिला फोनमध्ये फिरायला पाठवणारा मुलगा. याचं नाव गावात घेतात!

जावेचं हसू गेलं. मग हेडफोन काढून तिने त्याच्या दिशेने धरला. "ह्यो घे. आन् माझी काठी आन."

"आई, पडशील..."

"पानी नाय अंगनात. तुझी गाडी तेवढी हाय. ती काढ."

तो माझ्याकडे बघायला लागला, काकी समजावेल म्हणून. काकी कशाला समजावतेय? काकी तरातरा आपल्या दारात जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. कशावर बोलावं याची वाण नव्हती. पुतण्या माळ्यावरून काठी काढेपर्यंत त्याच्या नावाचा, मोटरसायकल ढकलेपर्यंत मोटरसायकलचा, मग साहेबाचा, मग पाव्याचा उद्धार केला. जाऊ ओटीच्या पायरीवरून उतरली. काठी टेकत, मान थोडी वाकडी करून, कान माझ्याकडे लावून, सावकाश. पुतण्या हात पसरून मागून येत होता, ऊन लागू नये म्हणून छत्री धरतात तसा. मधे एकदा ती डावीकडे वळली तेव्हा मी आवाज आणखी चढवला. आली ती सरळ माझ्या उंबऱ्याला काठी लागेपर्यंत.

"आता गप बस," म्हणाली, "आन् चहा टाक."

त्यानंतर रोज येते. खेळाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, साहेबाने त्यात हाकेच्या जागी घंटी बसवली असं नात म्हणते. घंटीकडे कोण जाईल ते जावो.

परवा माझा घसा बसला होता. शब्द फुटेना. मी दारात उभी, आणि जाऊ अंगणाच्या मधोमध थबकली. काठी उचलून ओरडली, "मेलीस का गो?" मी हात हलवले. हात कुणाला दिसतात! तिने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी मी चहाचं पातेलं घेतलं आणि त्यावर पळी बडवायला लागले, ती दारात येईपर्यंत.

"फोडशील," म्हणाली ती, आणि बसायला पाट चाचपू लागली.