सातातली एक मात्रा

आमच्या बँडचा गिटारवाला सात मोजताना चुकायचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही हे कधी कळलं नाही, कारण त्याची चूक अकरा वर्षं मी पोटात घालत होतो. मी ड्रम वाजवायचो.

आमचं संगीत प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे अठरा मिनिटांचं एकच गाणं, मध्ये चार वेळा ताल बदलणार, आणि समोर चाळीस माणसं, त्यातली निम्मी पुढच्या बँडसाठी थांबलेली. त्या गाण्यात सात मात्रांचा एक तुकडा होता. गिटारची ओळ समेच्या एक मात्रा आधी सुरू व्हायची. हा गडी त्या आधीच्या मात्रेलाच सम समजायचा, त्यामुळे तुकडा संपताना एक मात्रा लवकर पोचायचा. मग मी शेवटच्या आवर्तनात सातऐवजी सहाच वाजवायचो आणि बाकीचे दोघे, बेसवाला आणि कीबोर्डवाला, माझ्या फटक्यावर पुढच्या भागात उडी मारायचे. रेकॉर्डिंग मशीनच्या ठोक्यावर, तुकड्यातुकड्याने केलं. तिथे सगळं आपोआप सरळ झालं आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. मी बोललो नाही. दोस्त होता, गिरगावात त्याच्या आईच्या हातचं जेवलो होतो, त्याला चारचौघांत कशाला उघडं पाडा.

दौरे म्हणजे काय, ते माझ्या आईला विचारा. करी रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून सिंबलांची बॅग खांद्यावर उतरवायची, परगावी कुणाच्या तरी हॉलमध्ये चटईवर झोपायचं, दुसऱ्याच्या कुरकुरणाऱ्या पेडलवर वाजवायचं. ऑफिसातली सगळी रजा त्यात जायची. अकरा वर्षांत गणपतीला मी गावी दोनदा गेलो. “गणपतीक येव नको, ढोल बडवीत रव,” आई म्हणायची, आणि ती चुकीचं बोलत नव्हती.

गेल्या वर्षी सहा शहरांचा दौरा ठरला, पहिला कार्यक्रम इथेच, परळला. तेवढ्यात वडिलांची बायपास निघाली. तालमींसकट सगळं एक आठवडा पुढे ढकलू या का, एवढंच मी गिटारवाल्याला विचारलं. “बघतो रे,” तो म्हणाला. दोन दिवसांनी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. फोन उघडला तर मला बँडच्या ग्रुपमधून काढून टाकलेलं. सोबत एक ओळसुद्धा नाही. आत वडिलांची छाती उघडलेली आणि बाहेर मी त्या स्क्रीनकडे बघत बसलेला. हे मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

माझ्या जागी पुण्याचा एक ड्रमर घेतला. त्याने रेकॉर्डिंग ऐकून सगळं बसवलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“दादा, सॉरी हं, बेसवाल्याकडून नंबर घेतला. एकच तालीम मिळाली, आणि सातच्या तुकड्यानंतर आम्ही घसरलो. ते म्हणतात मी चुकतोय. रेकॉर्डिंगपेक्षा वेगळं काही वाजवायचं असतं का?”

शेवटी सहा वाजव, एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं.

“रेकॉर्डिंगमध्ये आहे तस्संच वाजव,” मी म्हणालो. “तू बरोबर आहेस.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरं बोलून इतकं गोड मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून गेलो. जुन्या गिरणीच्या आवारातला हॉल, मी मागे खांबापाशी उभा. तुकडा संपला. गिटारवाला एक मात्रा आधी पुढच्या भागात घुसला, ड्रमर मागे राहिला, आणि कुणाला धरावं हे न कळून बेसवाला मध्येच लोंबकळला. गाणं कोसळलं. पार थांबलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. अशा वेळी आपल्याला वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे. मला आनंद झाला, अगदी पोटभर.

मग तो माईकजवळ आला. “ड्रमर नवीन आहे, सांभाळून घ्या,” म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या ड्रमरने मान खाली घातली. माझा आनंद तिथेच नासला, कारण ज्याला लागायला हवं होतं त्याला काहीच लागलं नव्हतं.

सकाळी गिटारवाल्याचा फोन.

“ऐक ना, झालं गेलं सोड. बाबा कसेयत?” ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. “हा कच्चा आहे रे. तुझ्याशिवाय ते गाणं होत नाही. पुढच्या पाच शहरांना चल.”

तीन आठवडे मी याच वाक्याची वाट बघत होतो.

“तो तुकडा मोजून दाखव,” मी म्हणालो.

त्याने टेबलावर बोटं आपटत मोजलं. त्याच जागी, त्याच थाटात चुकला. “परत मोज,” म्हटलं तसा त्याचा आवाज उतरला. “मी चुकतोय का रे?” अकरा वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं.

“छे,” मी म्हणालो. “एकदम बरोबर. कुणी काहीही सांगितलं तरी बदलू नकोस. मी मात्र येत नाही.”

फोन ठेवला आणि पुण्याच्या ड्रमरला लावला. सगळा हिशेब त्याला मोजून दाखवला, परवा का सांगितलं नाही तेही सांगितलं, माफी मागितली.

“मग मी पुण्याला परत जातो,” तो म्हणाला.

“जा,” मी म्हणालो. “आणि त्याला कारण सांगू नकोस.”