अपूर्ण पत्त्याचा मामा

एप्रिल १९८२चा दुसरा रविवार. लग्नपत्रिका एकशे बारा. हजर : मी, पत्नी कमल आणि जिचं लग्न महिन्यावर आलं होतं ती आमची वंदना. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या बैठकीत त्या दिवशी मी माझ्या मुलीचा मामा हरवला.

संशोधन संस्थेत माझं काम आकडे तपासण्याचं. पत्तेही मी नियमानंच तपासायला बसलो : नाव, घर नंबर, मोहल्ला, शहर आणि पिनकोडचे सहा आकडे. एक जरी कमी, तरी पत्रिका ‘अपूर्ण’च्या गठ्ठ्यात! (गठ्ठ्यावर तशी चिठ्ठीही लावली होती. आता सांगायलासुद्धा लाज वाटते.)

“अहो, हा तेलीबागचा का बाजूला काढलात?” कमलनं विचारलं.

“‘आटाचक्कीच्या मागे’ हा काय पत्ता झाला?”

“पोस्टमनला चालतो. तुम्हालाच चालत नाही!”

मग निघाला कमलच्या धाकट्या भावाचा, सुरेशचा पत्ता. सुरेश सैन्यात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत सैन्याचं पोस्ट ऑफिस. बस्स! ना गाव, ना पिनकोड.

“याला गाव कुठंय?”

“पलटण कुठे आहे ते सांगत नाहीत. सैन्याचं टपाल असंच जातं.”

“मग पोस्टानं काय पंचांग बघायचं?”

“बाबा, मामा को चिट्ठी इसी पते पर मिलती है,” वंदना म्हणाली. (पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.)

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि मी पत्ता ‘पूर्ण’ केला. जुन्या डायरीत सुरेशचा जबलपूरचा पत्ता होता. क्वार्टर नंबर, लाइन, शहर, सहाच्या सहा आकडे. काय देखणा पत्ता! पाकिटात कमलचं चार पानी पत्रही होतं : तू आल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढणार नाही.

उत्तर येईना. “रजा मंजूर झाली की तार येईल,” मी रोज सांगत होतो.

लग्नाच्या सकाळी तार नाही, पोस्टमन आला. तेच पाकीट परत घेऊन!

“बाबूजी, पता तो बहुत सुंदर लिखा है. बस, आदमी वहाँ से कब का जा चुका है.”

कमलनं पाकिटावरचं माझं अक्षर पाहिलं आणि न भांडता पाकीट माझ्या हातात दिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच!

मुहूर्ताला गुरुजींनी पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” कोणीच उठेना. गौरीहरापाशी बसलेली वंदना भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. मी बुटांकडे बघत होतो. (बूट काढलेले होते, तरीही.)

तेवढ्यात शेजारचे मिश्राजी पान थुंकून उठले. “अरे, हम किस दिन काम आएँगे? भाभीजी, आज से हम आपके भाई!”

त्यांनी वंदनाला हात धरून आणलं, तिच्या पाठीशी उभे राहिले आणि मंगलाष्टकातल्या प्रत्येक ‘सावधान’ला दचकून मागे बघत राहिले!

पुढच्याच आठवड्यात कमलनं सुरेशला पत्र टाकलं. त्याच अपूर्ण पत्त्यावर. पोचलं! त्याचं उत्तर मला होतं : “भावोजी, शत्रूपासून पलटण लपवायची वेळ आली, की साहेब तुम्हालाच बोलावणार आहेत.”

सुरेशला मी माफीची तीन पत्रं लिहिली. मामाच्या मानाचा फेटा आणि उपरणं मिश्राजींना दिलं. ते अजून दर वर्षी कमलकडून राखी बांधून घेतात आणि रोज सकाळी गच्चीवरून हाक मारतात, “जीजाजी!” आता दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सारी गल्ली मला जीजाजीच म्हणते, आणि लखनौत जीजाजीची टर उडवायला कोणाची परवानगी लागत नाही!